पान सतरावरचे दोन रकाने

प्रिय मेलितोन,

'प्रिय' लिहिलं ते शाळेत तसं शिकवलं होतं म्हणून. खरं विचारशील तर आज तू मला फारसा प्रिय नाहीस. गावसभेचा अध्यक्ष झालास, कंपनीच्या पैशाने विमानात बसून पेरूहून थेट कॅनडात माझ्या दारापर्यंत आलास, कंपनीने दिलेले पिवळे बूट घालून परत गेलास, आणि आता येत्या रविवारच्या सभेत आपलं वरचं तळं त्यांच्या खाणीला देऊन टाकायचा ठराव मांडणार आहेस. परवा फोनवर मी नको म्हणाले तर मला म्हणालास, "ताई, तुला आकडे कळत नाहीत." शेजाऱ्यांच्या टर्कीला भिऊन माझ्या घागऱ्यामागे लपणारा तू, तू मला आकडे शिकवणार. वर फोन ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. पत्र कुणाला मध्येच ठेवून देता येत नाही.

कंपनीने वाटलेल्या त्या पुस्तिकेच्या सतराव्या पानाचा फोटो तू मला पाठवलास, जणू देवाने स्वतः सही करून दिलेला कागद. डाव्या रकान्यात आपलं कोचापाता, उजव्या रकान्यात मी राहते ते हे कॅनडाच्या मूळच्या क्री लोकांचं गाव. उत्पन्न, पक्की छपरं, नळ, वीज, गाड्या, शाळेची वर्षं. डावीकडे सगळे आकडे काडीसारखे बारीक, उजवीकडे सगळे गुटगुटीत. आणि खाली एक ओळ: 'उजवीकडचे लोक तीस वर्षांपूर्वी डावीकडे होते.' ही ओळ लिहिणारी डॉक्टरीणबाई माझ्याही घरी आली होती. औषधाची डॉक्टर नव्हे, माणसांची तुलना करण्याची डॉक्टर. चार दिवसांत तिने आमचं गाव उरकलं. खोल्या किती ते विचारलं. त्या खोल्यांत माणसं किती झोपतात तो प्रश्न पुढच्या पानावर होता, आणि पुढचं पान येण्याआधी तिचं विमान आलं. तीन खोल्या लिहून घेऊन बाई गेली. आम्ही अकरा जण झोपतो, मेलितोन. पाळीपाळीने.

आता उजवा रकाना मी तुला भरून देते. नळ आहे. त्याचं पाणी चहासारखं येतं, आणि उकळल्याशिवाय पिऊ नका असा कागद माझी लेक हॅरिएट तीन वर्षांची होती तेव्हापासून पंचायतीच्या दारावर लागलेला आहे. उत्पन्न तुमच्या चाळीसपट, हे खरं. एक कोबी घेताना मी दुकानात तो दोनदा परत ठेवते, हेही खरं, पण कोबीला रकाना नाही. गाड्या घराघरापुढे आहेत. त्या जातात दुकानापर्यंत आणि चर्चपर्यंत, कारण पुढे रस्ताच नाही. हिवाळ्यात नदी गोठली की तिच्यावरून सहा आठवडे जाता येतं, तेवढंच. नदीत मासे आहेत. महिन्यातून एकदाच खा, गरोदर बायकांनी तेवढेही खाऊ नयेत, असं दवाखान्याने लिहून दिलेलं माझ्या फ्रीजवर आहे. तू पाणी प्यायला तो फ्रीज तीनदा उघडलास. तुला लिहिता-वाचता येतं असं मला वाटत होतं.

आणि ते तुझं आवडतं बर्फाचं मैदान. बाहेर सात महिने बर्फ, आणि कंपनीने आत छपराखाली बर्फ करायचं यंत्र बसवून दिलं. तिथे उभा राहून तू फोटो काढून घेतलास, तोंडाचा आ करून. खोटं कशाला बोलू, पोरं तिथे खूश असतात, आणि ज्या संध्याकाळी ते बंद असतं त्या संध्याकाळी पोरं कुठे जातील, काय करून बसतील म्हणून आयांच्या जिवाला घोर लागतो. पण तेवढ्यासाठी तळं द्यायचं तर हिशेब नीट सांग. माझा एलायजा, तुझा मेहुणा, कंपनीच्या इथल्या खाणीच्या भोजनघरात अकरा वर्षं भांडी घासतोय. लागला तेव्हाही भांडीच घासत होता. वरच्या जागांवरची माणसं दक्षिणेकडून विमानाने येतात, दोन आठवडे राहतात आणि विमानानेच परत जातात. अकरा वर्षांत एलायजाच्या हाताखालचे साबण बदलले.

लगेच खूश होऊ नकोस की ताईला आपलं गाव स्वर्ग वाटतं. तसं बोलणाऱ्यांचा तर मला जास्तच तिटकारा आहे. वर्षातून एकदा येऊन, आपला पाँचो अंगावर घेऊन, 'तुमच्याकडे काही नाही तरी तुम्ही किती समाधानी' म्हणणारी माणसं. आई आबांकायच्या इस्पितळाच्या वाटेवर ट्रकच्या मागच्या फळीवर, बटाट्यांच्या पोत्यांना टेकूनच वारली. ते समाधान मला ठाऊक आहे. डावा रकाना दुःखाचा आहे हे मला पुस्तिकेने सांगायला नको.

पण तो रकाना तरी खरा आहे का रे? अल्पाका किती, असं बाईने तुमच्याकडे विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस? पुस्तिकेत कोचापाताच्या घरामागे सरासरी अकरा लिहिलेत. मी वाचून एकटीच हसले. तुझेच नव्वदच्या वर आहेत. मोजलेलं जनावर दगावतं, म्हणून आपल्याकडे परक्याला खरा आकडा कुणी सांगत नाही. आजोबा सांगत नसत, बाबा सांगत नसत, तूही सांगितला नाहीस. गोठवून वाळवलेल्या बटाट्यांची, चुन्योची पोती तर तुम्ही वाळलेल्या गवताखाली दडवली असणार. एकमेकांच्या शेतावर फुकट राबण्याच्या पाळ्या कागदावर आल्याच नाहीत. त्या बाईने तुमचं सगळं खोटं इमानाने लिहून घेतलं, छापलं, आणि तोच कागद तुमच्यापुढे धरून म्हणाली, बघा, तुम्ही किती दरिद्री. आणि तुम्ही घाबरलात. आपण सांगितलेल्या थापेला आपणच घाबरून तळं विकायला निघालेला गाव मी तरी दुसरा पाहिला नाही.

इथेही तेच झालं. एलायजाच्या भावाने हिवाळ्यात मूस मारला, घोड्याहून उंच जनावर. त्याचं मांस आधी म्हाताऱ्यांच्या घरी गेलं, मग विधवांकडे, मग आजाऱ्यांकडे, आणि चौदा घरं फिरून उरलेला फरा आमच्याकडे आला. बाईच्या पुस्तिकेत त्या मांसाची किंमत शून्य आहे, कारण ते कुणी कुणाला विकलं नाही. मग तिने दोन शून्यं शेजारीशेजारी ठेवून आपली तुलना केली. दोन्ही गावांनी जे तिला सांगितलंच नाही ते ठेवलं असतं, तर आपण सख्खे शेजारी निघालो असतो.

एवढं तुला बोलले. आता माझं ऐक, तेही काही भूषणाचं नाही.

एलायजाशी लग्न करून मी बावीस वर्षांपूर्वी इथे आले. आपल्याकडे परदेशातलं पत्र म्हणजे एकट्याचं नसतं, हे तुला सांगायला नको. आईला वाचता येत नव्हतं. प्रुदेन्सिया बाई शाळा सुटल्यावर पटांगणात पत्र वाचायच्या, आणि अर्धा गाव कोकाची पानं चघळत ऐकायचा. पहिल्याच पत्रात मी लिहिलं, घर गरम आहे. गरम होतं, फक्त आमचं नव्हतं. मग लिहिलं, मांस भरपूर आहे. मग लिहिलं, कुणी आजारी पडलं तर विमान येतं. आईच्या शेजारणी तिला म्हणायच्या, "तुझ्या उबाल्दिनाने नशीब काढलं." ते तूच मला कळवायचास. त्यानंतर खरं कसं लिहायचं? डॉक्टरीणबाई येण्याआधी वीस वर्षं उजवा रकाना मीच भरत होते. तिने तो फक्त छापला.

आणि मग मार्चमध्ये तू आलास. चार दिवसांत तू विचारलेला शहाणपणाचा प्रश्न एकच, आणि तो माझ्या स्वयंपाकघरात. कंपनीचा दुभाष्या बाहेर सिगारेट ओढत होता. माझे सासरे जोसाया खिडकीपाशी बसले होते. तीस वर्षांपूर्वी या गावच्या करारावर पहिली सही त्यांची. तू टोपी काढून आपल्या केचुआ भाषेत म्हणालास, "ताई, त्यांना विचार. पुन्हा वेळ आली तर सही कराल का?" मी त्यांच्या क्री भाषेत विचारलं. त्यांनी तुझ्याकडे पाहिलं, मग नदीकडे. मग उठून त्यांनी तुझ्या कपात चहा ओतला. तू माझ्या तोंडाकडे बघत होतास. आणि मी म्हणाले, "हो म्हणतात. पुन्हा करीन म्हणतात."

तू गेल्यावर मी स्वतःची समजूत घातली. आपल्या सभेत गप्प बसलेला माणूस ठरावाच्या बाजूचा धरतात, तेच माझ्या डोक्यात बसलेलं, चूक झाली. थाप आहे ती. बावीस वर्षं मी या लोकांत राहते. इथे वडीलधाऱ्याला प्रश्न विचारला की तो लगेच उत्तर देत नाही. उत्तर शोधायला त्याला दिवस लागतात, कधी आठवडा, आणि तोवर तो चहा देतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी हो म्हणाले, कारण त्यांनी नाही म्हटलं असतं तर तू या घराकडे, फ्रीजवरच्या कागदाकडे, माझ्या हातांकडे नीट पाहिलं असतंस. तुझ्या डोळ्यांत माझी कीव आली असती. ती नको म्हणून मी तुझ्या हातात गावचं पाणी ठेवलं. तुला पिवळ्या बुटांवरून बोलते आहे, पण तू बुटांना भुललास, मी नुसत्या ऐटीला. त्या स्वयंपाकघरात दोन्ही भाषा कळणारी माझ्याखेरीज एकच होती, हॅरिएट. ती भांडी पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं आणि बाहेर गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलते.

तुझ्या त्या प्रश्नानंतर चौथ्या दिवशी जोसाया बर्फातून चालत आमच्याकडे आले. वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले. तुझं विमान आदल्या संध्याकाळीच गेलं होतं. ते म्हणाले, "पोरी, तुझ्या भावाचं उत्तर आणलंय." बसले, श्वास घेतला, आणि म्हणाले, "त्याला सांग, आम्हाला कुणी फसवलं नाही. देऊ म्हणाले त्यातलं बरंचसं दिलं. सही कर किंवा करू नको, हे मी कोण सांगणार? पण माझ्या बापाची शिकारीची जागा आहे तिकडे आता फाटक आहे. तिथे जाताना मला हे गळ्यात घालावं लागतं. हे त्याला दाखव." आणि त्यांनी गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. जाताना विचारलं, पोचेल ना? मी हो म्हणाले, पुन्हा एकदा हो. आणि कार्ड पिठाच्या डब्यात खुपसून ठेवलं. रविवारी सभा आहे असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा ते तिथे आठ आठवडे पडून होतं. जायचं तर ते माझ्याकडून परत न्यावं लागेल, म्हणून म्हातारा त्या दिवसापासून बापाच्या जागेवर गेलेला नाही. रोज विचारतो, भावाचं काही आलं का?

परवा तुझा फोन झाल्यावर मी डबा हॅरिएटसमोर उपडा केला. म्हणून हे पत्र, आणि म्हणून ती तुझ्यापुढे उभी आहे. तिकिटासाठी एलायजाने बंदूक विकली. भाचीला आधी जेवायला घाल, आल्या दिवशी तिला चढावर चालवू नकोस, डोकं धरेल. मग रविवारी हे पत्र प्रुदेन्सिया बाईंच्या हातात दे. निवृत्त झाल्या असल्या तरी माझं अक्षर त्यांना लागतं. पटांगणात वाचू दे, बुटांसकट, अल्पाकांसकट, आणि मी काय केलं त्यासकट. कोणी विचारलं तर हॅरिएट सांगेल, ती तिथे होती. वाचून झालं की पाकिटातलं कार्ड हातोहात फिरव, सगळ्यांत मागे बसणाऱ्या बायकांपर्यंत जाऊ दे. त्यावर जोसायांचा फोटो आहे, त्यांचं नाव आहे, आणि ज्या जमिनीवर त्यांचा जन्म झाला तिच्या फाटकावर दाखवायचा एक शब्द खाली लाल अक्षरांत आहे. हॅरिएट त्याचा अर्थ केचुआत सांगेल. तो अर्थ आहे 'पाहुणा'. मग ज्याला हात वर करायचा असेल त्याने करावा.

तुझीच, आणि या वेळी खरं लिहिणारी,
उबाल्दिना