खात्रीच्या कागदावर तुझं नाव

वुस्टर, केप, दक्षिण आफ्रिका
गुरुवार, १५ फेब्रुवारी २०२४. सकाळचे सहा चाळीस. पिल्लांचं पाणी बदलून नुकताच बसलोय.

प्रिय लेझान,

तुझ्या आईकडून कळलं, तू पार्लमध्ये रुळलीस. ड्रिकसच्या दुकानात सापांना काचेची कपाटं आहेत, गिऱ्हाइकाला कॉफी मिळते. माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये अजून तेच प्लास्टिकचे डबे आणि तू चिकटवलेली तापमानाची चिठ्ठी. ती काढायला वेळ मिळाला नाही, असं समज.

आपली सापीण, साबेला, बरी आहे. अंडी घातल्यावर वाळली होती, आता उंदीर घेते. डिसेंबरमध्ये जाताना तू तिच्या आठांतली चार अंडी ओल्या भुश्याच्या डब्यात घालून नेलीस. मीच म्हणालो होतो, निम्मी तुझी. माझी चार जानेवारीत फुटली. तीन पिल्लं साबेलासारखी तपकिरी. चौथ्याच्या पाठीवर बारीक पट्टे.

ते तळहातावर घेऊन मी दाराच्या उजेडात गेलो. आपला नर पिवळा-पांढरा. त्याची पिल्लं साबेलापोटी तपकिरीच होणार, पण प्रत्येकाच्या रक्तात बापाचा रंग दडलेला असणार. मोठी झाल्यावर त्यांचीच जोडी लावली की त्यांतून पिवळी निघतात. म्हणून तर साध्या पिल्लाला पाचशे रँड आणि अशा पिल्लाला अडीच हजार. पट्टे मात्र दडून राहत नाहीत. आईच्या नाहीतर बापाच्या अंगावर ते असावेच लागतात. साबेलाला नाहीत, आपल्या नराला नाहीत. असे पट्टे असलेला एकच नर मला माहीत आहे, आणि तो ड्रिकसच्या दारालगतच्या कपाटात असतो.

मग जुलै आठवला. वीज दिवसातून तीनदा जायची, डबे गार पडायचे. तूच म्हणालीस की ड्रिकसकडे जनरेटर आहे, साबेलाला दोन आठवडे तिथे ठेवू. मला तो माणूस तेव्हाही आवडला नव्हता. डबा घेताना त्याने तुझ्या हाताखाली हात घातला, आणि तो लवकर काढला नाही. मी तसं बोललो तर तू हसलीस. "अरे, ऊब सापाला हवीय. तू कशाला तापतोस?" ती तिथे वेगळ्या डब्यात एकटी आहे, असंही तूच सांगितलंस. ऑगस्टमध्ये ती परत आल्यावर मी आपला नर तिच्याजवळ सोडला. एकाच वेळच्या अंड्यांना दोन बाप असू शकतात, हे तुला शिकवायला नको.

काल सारेलकाका दोन तपकिरी पिल्लं घ्यायला आले. पाच हजार रोख आणले होते, आणि मला शेडचं भाडं द्यायचं होतं. तरी मी त्यांना पट्टेवालं पिल्लू दाखवलं, जुलैची हकिगत सांगितली, म्हणालो, रंगाची खात्री देता येत नाही, साध्या भावाने न्या. ती पोरगी सोडून गेल्यापासून तुझं डोकं फिरलंय, म्हणाले. वर, "सापाच्या बापाचं काय घेऊन बसलास? माझ्या धाकट्याचं नाक बघून शेजारी अजून हसतात." हजार रँड देऊन गेले. माझा चेहरा बघून पाठीवर थाप मारली, ती मला नको होती.

आता लिहायचं कारण. शनिवारच्या प्रदर्शनाची ड्रिकसची यादी मी पाहिली. तुझी चारही पिल्लं तपकिरी, प्रत्येकी अडीच हजार, 'रंगाची पूर्ण खात्री'. खाली सही तुझी आहे, त्याची नाही. घेणारा तीन वर्षं पिल्लू वाढवेल, जोडी लावेल, एकही पिवळं निघालं नाही की तुझ्या दारात येईल. सही काढून घे, नाहीतर भाव पाचशे लाव. माझं टेबल तुमच्या समोरच आहे. कुणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. त्याने तुला न सांगता नर सोडला असेल, तर त्याने तुलाही फसवलं, आणि हे तुला कळायला हवं. पण त्या दोन आठवड्यांत तू एक दिवसाआड साबेलाला बघायला पार्लला जायचीस. डब्यात दुसरा साप तुला दिसला नाही, की तू डब्यापर्यंत गेलीच नाहीस? एवढंच लिही.

अजूनही तुझाच,
रुवेन

ता.क. या महिन्याचा हिशेब: उंदरांना तीनशे चाळीस गेले. शेडच्या भाड्यातले बाराशे थकलेत. ड्रिकसचं देणं, साबेलाच्या दोन आठवड्यांच्या उबेचे सहाशे. तेव्हा त्याने घेतले नव्हते. सोबत ठेवलेत, त्याच्या हातात दे.