चटणीच्या बरणीवर बांधलेला प्लॅस्टिकचा कागद

आई, दादानं शिरोलीच्या कारखान्यातनं आणलेला तो प्लॅस्टिकचा कागद आठवतो का गं तुला? नव्या मशीनवर गुंडाळून आलेला, दुधाळ, हलवला की चुरचुर वाजणारा. शिवाजी पेठेतल्या आपल्या दोन खोल्यांत तसलं काही आलंच नव्हतं. मी तो तोंडासमोर धरून दारात उभी राही आणि अख्खी गल्ली पाण्याखाली गेल्यागत दिसे. तालमीतनं परतणारी पोरं, म्हशी, धुणं घेऊन येणारी तू, सगळे संथ तरंगत यायचे. जवळ येऊन तू खेकसलीस, "गुदमरून मरशील की, भवाने! आणि खायच्या जिनसाला त्यो लावायचा न्हाई, सांगून ठेवतो." अर्धा कागद रेडिओवर घातला. उरलेला मी ट्रंकेमागं लपवला.

त्या उन्हाळ्यात वर्षाची चटणी डंकावर कुटून आणली, त्याच दिवशी मावशी आजारी असल्याचा निरोप आला. चटणी चादरीवर पसरून पुरती गार करायची, मग बरणीत दाबायची, वर हिंगाचा खडा, तोंडाला फडकं, असं सगळं बजावून तू हातकणंगल्याला गेलीस. मला कुठला दम! गरम असतानाच बरणी भरली आणि वर फडक्याऐवजी माझा कागद ताणून सुतळीनं घट्ट बांधला. दुपारभर मी बरणीशी बसून आहे. कागदाच्या आतनं बारीक थेंब धरतायत, एकमेकांत मिसळतायत, जड होऊन खालच्या लालभडक चटणीवर पडतायत. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं, आई, खरंच सांगते. चौथ्या दिवशी तू यायच्या आत कागद काढून फडकं बांधून टाकलं.

महिन्याभरात चटणीवर पांढरा बुरा आला. वर्षाची चटणी उकिरड्यावर. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण तू वळलीस वहिनीकडं. लग्न होऊन तिला सहा महिनेही झाले नव्हते. "बाहेरची असताना बरणीला शिवलीस, व्हय की न्हाई?" ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "न्हाई वो आत्याबाई, शपथ!" "मग काय भुतानं शिवली?" मी तिथंच लसूण सोलत होते, सोलतच राहिले. तू देवाघरी जाईपर्यंत तिला बरणीला हात लावू दिला नाहीस. दादाच्या डब्यासाठी चमचाभर चटणी लागली तरी ती मी शाळेतनं यायची वाट बघायची, आणि माझं लग्न झाल्यावर शेजारणीकडनं वाटीत मागून आणायची. भरल्या घरात, आई. मला आजही लाज वाटते.

वहिनीचे केस आता पांढरे झालेत. मागच्या महिन्यात गेले होते, तर भाकरी थापता थापता म्हणाली, "वन्सं, तवा मी खरंच शिवले नव्हते. पर इतक्यांदा ऐकलं की, आता मलाच वाटतं, शिवले असंन." मी म्हटलं, "जाऊ द्या वहिनी, किती जुनी गोष्ट ती." आणि दुसरी भाकरी मागून घेतली.

हे पत्र खरं तर तिला लिहायचं होतं. पण तिच्यापर्यंत ते पोचलं असतं, म्हणून तुला लिहिलं.