सईला जमेल अशी स्की

३ डिसेंबर २००५, शनि.
सईच्या स्की आणल्या एकदाच्या. सांता क्लारात एका शाळेच्या जिममध्ये सेकंडहँड सेल होता, तिथून. बूटही मिळाले, जवळजवळ नवे. पाय मोजला : साडेतेवीस सेंटिमीटर. बूट साडेपंचवीसचे.
सई : बाबा, दे आर लूज.
मी : दोन मोजे घाल. तेरावं चालू आहे तुला, पाय काय थांबणार आहेत का?
आमच्या लहानपणी जूनमध्ये बूट यायचे ते पुढच्या जूनच्या मापाचे. पुढे कापूस कोंबायचा. पायाला बसेपर्यंत फाटलेले असायचे, ती गोष्ट वेगळी. स्कीही अशाच घेतल्यात, तिच्या डोक्याच्या वर वीतभर. होईल उंच.
इर्विंगहून सईच्या आईचा, मंजिरीचा फोन. ‘नीट मोजून घेतलंस ना सगळं?’ म्हटलं, हो.

११ डिसें., रवि.
मं. शी तासभर बोललो. तिकडे ऑगस्टमध्ये शाळा सुरू होते, नाव आधी घालावं लागतं. एप्रिलअखेर ठरवायचं, सई माझ्याकडे राहणार की तिच्याकडे जाणार. ‘लादायचं नाही अजित, तिला ठरवू दे.’ मीही मोठेपणाने हो म्हणालो.
इथला जॉब गेल्यावर मं. ला तिकडे मिळाला. वर्ष झालं. मी हललो तर ग्रीन कार्ड पुन्हा पहिल्यापासून, म्हणून मी सनीव्हेलला चिकटून. सई सध्या माझ्याकडे, शाळेमुळे. शाळा तिची, मैत्रिणी तिच्या. माझ्याकडे तिच्यासाठी नक्की काय आहे, असं कुणी विचारलं तर...
शनिवारी ताहोच्या डोंगरात स्कीला जायचं.

१७ डिसें., शनि.
पहाटे पाचला निघालो. वर बर्फ, चाकांना चेन्स लावा म्हणाले. माझे हात गारठले, सई गाडीत झोपलेली.
ती अकरा वेळा पडली. मी मोजले, कशाला मोजले कोण जाणे. वळताना स्की वळतच नाही, ती वळते आणि स्की सरळ जाते. गेल्या वर्षी भाड्याच्या सामानावर बरी करायची की. माझं नेहमीचंच, पुढची टोकं जुळवून पिझ्झाच्या तुकड्याचा आकार करत उतरायचं. पोरं बाजूने सूं सूं करत जातात.
पण वर नेणाऱ्या खुर्चीच्या लिफ्टवर बोलली! नऊ मिनिटं लागतात वर जायला. पाय लोंबताहेत, खाली झाडं, आणि ही घरी दोन दोन दिवस ‘फाइन’ च्या पुढे न जाणारी मुलगी आपणहून बोलतेय. शाळेत कोणाचं कोणाशी बिनसलं. आईचं अपार्टमेंट कसं आहे, बाल्कनीतून फक्त पार्किंग दिसतं. मी हूं हूं करत राहिलो, मध्ये तोंड घातलं की थांबेल म्हणून.
स्की लांब झाल्या. माझीच चूक. बदलू.

७ जाने. २००६, शनि.
सुट्टीत इर्विंगला होती, सोमवारी परत आली. एअरपोर्टवर दोघी रडल्या म्हणे, मला मं. ने सांगितलं, सईने नाही.
नवी पद्धत : डोंगराच्या पायथ्याशी दुकान आहे, तिथे आपले बूट घालून जायचं, ते वाटेल ती स्की लावून देतात. आवडली नाही तर दुपारी दुसरी घ्या. फॉर्म मी भरला. वय, उंची, वजन, कशी स्की करते. ‘मध्यम’ वर खूण केली.
आज लाल जोडी, आखूड. वळते, पण थरथरते. सई नऊदा पडली. तीन वेळा लिफ्ट, चौथ्याला नको म्हणाली.
बाकी पोरं बूट काढताना आईबापांना खाली बसवतात, ओढाताण चालते. सई बकल न उघडताच पाय सटकन बाहेर काढते. चलाख आहे.

८ जाने., रवि.
एक्सेल शीट केलं. रकाने : लांबी, रुंदी, रंग, किती वेळा पडली, लिफ्टच्या फेऱ्या. ऑफिसात बग शोधतो तसंच शोधायचं, बाकी सगळं कायम ठेवून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलणार ती स्की. बूट तेच, मुलगी तीच, बाप तोच.

१४ जाने., शनि. संक्रांत
मं. ने तिळगूळ पाठवलाय, डब्यावर सईचं नाव. लिफ्टवर सईने एक वडी माझ्या हातमोज्यावर ठेवली. ‘गोड बोल, बाबा.’ मराठीत! हातमोज्याला चिकटली, तशीच दातांनी खाल्ली. सई हसली.
पिवळी जोडी. वॉल्ट म्हणून म्हातारा आहे दुकानात, त्याच्या मते या वयाला हीच. त्याने सईला विचारलं, बूट ठीक आहेत? मी म्हटलं, हो हो, नवेच आहेत. तिने माझ्याकडे पाहिलं.
दोनदा सुरेख वळली. मग स्की एकीकडे, ती एकीकडे. उठेना. तिच्यापर्यंत पोचायला मला दहा मिनिटं लागली, तोवर दुसऱ्याच कोणीतरी तिला उभं केलं होतं. ‘आय हेट द यलो वन्स.’
शीटमध्ये : पिवळी, नापसंत.

१८ जाने., बुध.
लंचला नितीनला शीट दाखवलं. अस्सल नागपूरकर, दया नाही. ‘अबे, स्की पाहून राहिला का पोरीसाठी स्थळ? हिची नाडी जमत नाही, तिचा मंगळ!’ हसलो. मग म्हणाला, ‘पोरीला विचार ना बे, काय होते म्हणून.’
विचारलं घरी. ‘फाइन.’

४ फेब्रु., शनि.
काळी जोडी, रुंद. स्थिर राहते असं तीन ठिकाणी वाचलं. स्थिर कसली, ओंडके बांधल्यासारखी चालत होती.
दुसऱ्याच उतारावर बसली. मी पिझ्झा करत, घसरत पोचलो. रडत होती. गॉगलच्या आत पाणी. मी काय करावं? कोणी शिकवलंय मला? मला बर्फ पहिल्यांदा दिसला तेव्हा मी अठ्ठावीसचा होतो. म्हटलं, वजन पुढे टाक, गुडघे वाकव. सगळी इंटरनेटवरची अक्कल.
‘आय एम डुइंग दॅट!’
स्की खांद्यावर टाकून चालत खाली आलो. लिफ्ट : एक फेरी. नऊ मिनिटांत एक शब्द नाही.
परतीचे चार तास ती कानात इअरफोन घालून.

११ फेब्रु., शनि.
गेलो नाही. सई मैत्रिणीकडे. मी स्कीच्या किनारी कशा घासतात ते वाचत बसलो, ज्या स्की आमच्या नाहीतच त्यांच्या.
मं. : ‘ती म्हणते तिला स्की नको झालंय. तू का मागे लागलायस?’
काय सांगू? त्या खुर्चीत बसली की बोलते, म्हणून? स्की जमल्या तर राहील असं मी मनाशी धरलंय, म्हणून? मं. ला सांगितलं असतं तर म्हणाली असती, हे लादणंच झालं. खरंच आहे.
म्हटलं, व्यायाम होतो.

२६ फेब्रु., रवि.
काल चौथी. पांढरी, हलकी. तेच. सई आता पडते तेव्हा चिडतही नाही, नुसती पडून आभाळाकडे बघते. हे जास्त वाईट.
शीट बघतोय. चार स्की, सगळ्यांचा निकाल एक. ऑफिसात असं झालं असतं तर पोरांना झापलं असतं, अरे, जे बदलत नाहीये ते बघा!
मग जे बदलत नाहीये ते म्हणजे सई. तिलाच येत नाही? की तिला माझ्याबरोबर यायचंच नाही? हे मनात आलं आणि लॅपटॉप मिटला.

११ मार्च, शनि.
घरी आल्याआल्या लिहितोय.
सईला म्हटलं होतं, शेवटचं एकदा, मग नाही म्हणणार. आली. दुकानात बाकावर बसली आणि नेहमीसारखा बकल न उघडता पाय बाहेर. वॉल्ट पाचवी जोडी घेऊन येत होता. थांबला. म्हणाला, हे परत कर.
तिने पाय घातला, काढला. सटकन.
त्याने स्की भिंतीला टेकवल्या. बुटाच्या आतलं अस्तर बाहेर ओढलं, नुसत्या कवचात तिचा पाय घालायला लावला, बोटं पुढे टेकवून. मग टाचेमागे आपली बोटं घातली. एक बोट जायला हवं, फार तर दीड, म्हणाला. त्याची तीन जाड बोटं आरामात गेली. मोजे काढायला सांगितले, दोन्ही थर. नडगीवर दोन्हीकडे हिरवे-काळे डाग, बोटांची नखं निळी.
जवळजवळ तीन महिने माझ्याच घरात हे पाय वावरत होते.
वॉल्ट रागावला नाही. स्की काय करणार, म्हणाला. पाय वळतो, बूट तिथेच. स्कीला निरोपच पोचत नाही.
मी सईला म्हटलं, अगं, सांगायचं नाहीस का?
‘आय डिड, बाबा. इन डिसेंबर. यू सेड वेअर टू सॉक्स.’
मग मराठीत, हळू, ‘आणि त्या काकांनी विचारलं तर तूच सांगितलंस.’
दुकानात गर्दी होती. मी तिच्या पायाशी बसलेलो, मोजे हातात.

१२ मार्च, रवि.
मं. ला सगळं सांगितलं. वाटलं, बोलेल. उलट म्हणाली, ‘तिच्या इथल्या बेडवरची चादरही मी मोठीच घेतलीय रे. पुढे मोठा बेड घेऊ म्हणून.’
शीट डिलीट केलं.

३० मार्च, गुरु. पाडवा
श्रीखंड केलं, डब्याचंच, वेलची घालून. सईच्या नडग्या आता पिवळट, म्हणजे बऱ्या होताहेत. मी रोज बघतो, ती रोज ‘स्टॉप इट’ म्हणते.
तिनेच विचारलं, डोंगर बंद कधी होतो?
म्हटलं, एप्रिलच्या मध्यापर्यंत तरी चालू असेल.
तिने वाटी पुसून खाल्ली. मागे लागायचं नाही असं ठरवलंय, आणि ते जमत नाहीये.

१५ एप्रिल, शनि.
शेवटचा आठवडा. सई आपणहून पाचला उठली, चहाही केला. माझ्यासाठी, साखर जास्त.
दुकानातून भाड्याने बूट, साडेतेवीसचे, एक पातळ मोजा. घालायला पाच मिनिटं लागली. कुरकुरली, ओरडली, मी खाली बसून ढकलत होतो. शेवटी टाच खाली बसली. वॉल्टने विचारलं, कसे आहेत? मी तोंड उघडलं होतं. मिटलं.
‘टाइट,’ सई म्हणाली. ‘बट, लाइक, गुड टाइट.’
स्की कुठली? तिने बोट दाखवलं, पिवळी. तीच, जानेवारीतली नापसंत.
काय उतरली! बर्फ मऊ झालेला, दुपारी तर भुसभुशीत, तरी डावीकडे, उजवीकडे, एकदाही न थांबता. मी वरूनच बघत राहिलो. पहिल्यांदा ओरडलो, सई, सावकाश! मग ओरडलो नाही. दिसेनाशी झाली. खाली पोचलो तेव्हा ती परत वर निघाली होती, दुसऱ्या कुणाबरोबर खुर्चीत बसून. काठी हलवून हाय केलं. मी एकट्यांच्या रांगेत.
असं चार वेळा झालं. एवढी खटपट केली ती तिच्या शेजारी बसायला, आणि तिला आता माझ्यासाठी थांबायची गरजच नाही. छान वाटत होतं आणि वाईटही, दोन्ही एकदम.
पाचव्या वेळी खाली थांबली होती. ‘यू आर सो स्लो.’ बसलो. झाडांचा बर्फ गळून गेलाय, खाली चिखल दिसतो.
‘बाबा, इर्विंगमध्ये एक पण डोंगर नाहीये ना?’
‘नाही.’
‘छोटा पण नाही?’
‘नाही गं. सपाट आहे सगळं.’
‘हं.’
हे कशासाठी विचारलं? जाणार म्हणून, की राहणार म्हणून? विचारू का, विचारू नको, करता करता वरचा उतरायचा फलक आला. स्कीची टोकं वर करा.
संध्याकाळी सामान परत करताना वॉल्टने फॉर्म दिला. पुढच्या सीझनसाठी बूट-स्की राखून ठेवतात, आताच माप लिहून द्यायचं. मी पेन काढलं. मग ते सईला दिलं.
तिने उभ्या उभ्या भरला. नाव. वय. उंची खरी, वजन खरं. ‘कशी स्की करते’ मध्ये मध्यमच्या पुढची खूण, आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. बुटाचं माप : आत्ताचं, साडेतेवीस. वॉल्ट म्हणाला, डिसेंबरात पुन्हा मोजू. खाली शेवटचा रकाना, पुढच्या सीझनला येणार, हो / नाही.
पेन तिथे थांबलं. मागे रांग होती.
तिने तो रकाना तसाच सोडला, फॉर्मची घडी घातली आणि जॅकेटच्या खिशात ठेवली. वॉल्टला म्हणाली, मेल करून पाठवेन.
परत येताना ती झोपली, बूट काढलेले, पाय डॅशबोर्डवर. घरी आल्यावर जॅकेट मीच खुंटीला टांगलं. फॉर्म खिशात आहे. एप्रिल संपायला अजून पंधरा दिवस आहेत.