निळ्या पट्ट्याची थाप

११ जानेवारी २००९
सकाळीच आमचं वाजलं. शुभाचा ज्युजित्सूचा ड्रेस भिजत घातला, त्यात तिचा पांढरा पट्टाही टाकला. तिने बादलीतून ओढून काढला. "आई, पट्टा धुवायचा नसतो गं! बाबांचा हात लागलाय याला." खरंच. चार वर्षांपूर्वी क्लासच्या पहिल्या दिवशी ह्यांनीच तिच्या कमरेला गाठ मारून दिली होती, तीही चुकीची. त्या पावसाळ्यात हे गेले. मला नुसता मळच दिसला.

१६ जानेवारी
सातिवलीच्या गोदामात, शुभाच्या क्लासला, मालिकेतला एक नट यायला लागलाय. दोन महिने झाले. त्याच्या मागे टॉवेल धरायला वेगळा माणूस. शेजारच्या वैतीकाकू, माहेर कळंबचं, लगेच हजर. "त्याला एकदा घरी आन ना गं शुभे, बोंबलाचं कालवन घालते."
"काकू, तो अंड्यातलं पांढरं तेवढंच खातो."
"मंग पिवळं कोन खातो?"
पुष्कळ दिवसांनी हसले.

२५ जानेवारी
रविवारच्या पुरवणीत फोटो. देशोदेशीचे नट, कमरेला निळे-जांभळे पट्टे, खाली कौतुक. डोकं फिरलं. शुभा म्हणते सगळे तसे नसतात, काही जण वर्षानुवर्षं मार खातात, स्वतः मॅट पुसतात, मग कुठे पट्टा मिळतो. असतील. आमच्याकडचा अजून चपला घालून मॅटवर चढतो.

३० जानेवारी
आता कळलं काय ते. ८ तारखेला क्लासच्या सरांचे परदेशी गुरू येणार. नटाला निळा पट्टा. चॅनेलवालेही येणार. शुभाचाही पांढऱ्यानंतरचा निळा त्याच दिवशी, चार वर्षांनी. पण आधी कॅमेऱ्यासमोर त्याने हिचा हात पिळायचा आणि हिने थाप मारायची. म्हणजे मॅटवर तळहात आपटायचा: हरले, सोड. सर म्हणाले, "एक थाप मार, तुझं काय जातंय?"
"आणि रोज कोण कोणाला हरवतं?" मी विचारलं.
"रोज तोच थापा मारतो, आई."
शब्दकोश काढला. थाप: तळहाताचा आघात. लगेच त्याच्याखाली: खोटी गोष्ट. मराठीने केव्हाच सांगून ठेवलंय. सरांना कोण सांगणार.

३ फेब्रुवारी
भांडण. मी म्हटलं, नाही म्हणून सांग. कमावलेली वस्तू खोटं बोलून घ्यायची? ती म्हणे, निळा असेल तरच शाळेतली मुलींची बॅच तिला शिकवायला मिळणार. "हातच तर आपटायचाय."
"हे असते तर..."
"बाबा असते तर मला बॅचची एवढी गरज नसती."
दोघी न जेवता उठलो. तिचा राग आला, पण ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. त्याचा जास्त आला.

८ फेब्रुवारी
मी गेले. वैतीकाकूही, जरीची साडी नेसून. नटाने हात धरला तोही उलटा. शुभानेच हळूच त्याची पकड सरळ करून दिली. मी पाहिलं. तेवढ्यात काकू मोठ्याने, "ही पडते कशाला? त्याला तं धरता पन येत नाय!" लोक हसले. नटही हसला, मेला.
मग तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही. ना हो, ना नाही.
दोन थापा. टाळ्या. गुरूंनी आधी त्याला पट्टा बांधला, मग तिला. तिची गाठ त्यांनी अगदी बरोबर मारली.
सर जवळ आले. "आई, पेढे हवेत हं!"
"थाप तुमची, पेढे तुम्हीच वाटा."
 

१० फेब्रुवारी
आज क्लास. कपाटात दोन्ही पट्टे शेजारी शेजारी होते. निळा प्लास्टिकच्या पिशवीत, पांढरा तसाच, मळका. मी पोळ्या लाटत होते. आतून विचारलं तिने, "आई, कुठला बांधू?"
राग गेलेला नाही. सरांवर आहे, नटावर आहे. बाकी कोणावर ते...
"कंबर तुझी," म्हटलं.
गेली. मी वळून पाहिलं नाही. एक पट्टा आत राहिला असणार. दिवेलागण झाली, कपाट मी अजून उघडलेलं नाही.