पेंढ्यावरचा अनुस्वार

डोंबिवली,
मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८७५

ती. सौ. सुमतीताईस,
हरिहरचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र कुशल विचारण्यासाठी नसून फिर्याद गुदरण्यासाठी आहे. भाऊसाहेबांची सारी उमर ठाण्याच्या कोर्टात शिरस्तेदारी करण्यात गेली, तेव्हा निकाल घरातल्या घरात लागेल अशी आशा आहे. आरोप असा की, तू एक अनुस्वार खाल्लास आणि त्यापायी माझ्या कुत्रीने पावशेर पेढे खाल्ले.

हकीकत सांगतो. आमची शुभदा लग्न होऊन नागपूरला गेली आणि जाताना आपली कुत्री माझ्या गळ्यात बांधून गेली, हे तू जाणतेसच. देवांच्या कुत्रीचं नाव म्हणून मी तिला हौसेनं सरमा म्हणू लागलो. त्याचा परिणाम एवढाच की, संध्याकाळी मी अंगणातून हाक मारली की पलीकडचे रेल्वेतले शर्मा खिडकीत येतात. आमच्या लक्ष्मीच्या सोवळ्यापुढे देवांच्या कुत्रीचंही काही चालत नाही, म्हणून जांभळाखाली चहाचं रिकामं खोकं आडवं घालून, वर पत्रा ठोकून, सरमेला स्वतंत्र बिऱ्हाड करून दिलं. आता थंडी पडली. आत अंथरायला गोणपाट घातलं, तर ते रात्रभर दव पिऊन सकाळी पापडासारखं ताठ होतं. माझं जुनं उपरणं घातलं, तर बाईसाहेबांनी ते ओढत नेऊन शर्मांच्या दारात ठेवलं. शेवटी तुला विचारलं. आयुष्यभर कुत्री पाळलेली तू एकटीच माझ्या माहितीत.

तुझं कार्ड आलं. त्यात तुझ्या हातचं असं आहे: सरमेला रात्री पेढा घालत जा. ताजा असेल तर छान, ओलसर मात्र नको. हात आखडता घेऊ नकोस, भरपूर घाल. थंडीत ऊब राहते.

ताई, मी शंका घेतली नाही. मोठ्या बहिणीचं वचन, त्यात दुधातुपाचा पदार्थ उष्ण, हेही शास्त्राला धरूनच. स्टेशनाजवळच्या दुकानातून कोरडे पाहून पावशेर आणले आणि खोक्याशी बसून एकेक घातले. सरमेने माझ्याकडे असं पाहिलं की एवढा आदर मला शाळेत आजवर कुणी दिलेला नाही. लक्ष्मी ओटीवरून हे पाहत होती. ती म्हणाली की, शुभदाच्या मॅट्रिकनंतर आपल्याला या घरात पेढा दिसलेला नाही, तेव्हा पुढचा जन्म कुठला मागायचा ते आता ठरलं. शर्मा वहिनी तर कुत्रीला पिल्लं झाली का म्हणून विचारून गेल्या.

रात्री सरमा थंडीनं कुडकुडत, पण तृप्त मनानं विव्हळत राहिली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की, ताईला पेंढा म्हणायचं असणार!

अक्षरावरचा तो ठिपका इतका का जड झाला आहे सगळ्यांना? माझ्या वर्गातही हीच साथ आहे. सहामाहीच्या पेपरांत यंदा अख्ख्या इयत्तेनं अनुस्वार गाळले. मी प्रत्येकी अर्धा गुण कापला आणि वर्गाला तासभर बोललो. मुलं म्हणतात, आम्ही दिले होते. हल्ली उद्धटपणा वाढलाय.

बाकी यंदा इथे धुकं फार सुंदर पडतं. खाडीवरून येतं ते भातखाचरांवर पसरून राहतं आणि दुपारपर्यंत हलत नाही. जांभळाला कडा राहत नाहीत, शर्मांचं घर ढगात बांधल्यासारखं दिसतं. मी शाळेत जातो तो जणू कुणाच्या तरी स्वप्नातून चालत जातो.

फिर्यादीचा निकाल कळवावा. भाऊसाहेबांस नमस्कार. लोभ या शब्दात अनुस्वार नाही, तेव्हा तो तरी शाबूत राहावा.

तुझा
हरिहर


ठाणे,
१४ डिसेंबर १९५३

चि. हरिहर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी फिर्याद यांना वाचून दाखवली. हे इतके हसले की चष्मा चहात पडला. निकाल असा दिला आहे की, फिर्यादीनं मूळ कागद दाखल केलेला नाही, म्हणून खटला चालू शकत नाही. तर ते कार्ड पाठव. मी अनुस्वार दिला होता. आपल्या अण्णांच्या हाताखाली अक्षर गिरवलेलं आहे मी, तू एकटाच नव्हेस. आणि पेंढा लिहिताना माझ्या मनात पेढा असता, तर तुझ्या बायकोला आधी दे म्हणून लिहिलं नसतं का? तिला पाव शेर आणून दे, आणि ते कुत्रीला घातलेल्यांतले उरलेले नकोत.

आता अंथरुणाचं नीट ऐक, आणि प्रत्येक अक्षर दोनदा वाच.

कापड, गोधडी, गोणपाट यांतलं काही नको. कापड ओल धरून ठेवतं आणि ओल्या अंथरुणापेक्षा उघडी जमीन बरी. वखारीतला लाकडाचा भुसा तुला कुणीतरी सुचवील, तोही नको. तो नाकात जातो. आमचा गोट्या कुत्रा भुशावर निजून आठवडाभर शिंकत होता आणि हे त्याला दर शिंकेला शतायुषी हो म्हणत होते. भाताचा पेंढा उत्तम. त्याची काडी पोकळ असते, तीत अंगाची ऊब साठून राहते. नुकती मळणी झाली आहे, पिवळा, खडखडीत वाळलेला बघून आण. काळे डाग असले किंवा कुबट वास आला तर परत कर. खोकं विटांवर उचलून घे, आत तळाला कडुलिंबाचा पाला पसर म्हणजे पिसवा होणार नाहीत, आणि त्यावर तिला आत शिरून घरटं करता येईल इतका पेंढा घाल. दार वाऱ्याकडे नको.

आणखी एक. पेंढा दबला, मळला की बदलायचा, पण सगळा टाकायचा नाही. जुन्यातली एक मूठ नव्यात ठेवायची. तिचा वास त्यात असतो. त्यावाचून ती आपलंच घर ओळखत नाही, बाहेर बसून राहते.

तुझ्या धुक्याचं वर्णन दोनदा वाचलं. नवल वाटलं. खाडी तीच, पण इथे तलावपाळीवर यंदा धुकं नाही म्हणून सगळे बोलताहेत. सकाळी सातला पलीकडच्या काठावरची धुणी मोजता येतात. तुमच्या डोंबिवलीचं निराळं असेल.

लक्ष्मीस आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ कमी करायची सोय नाही, तेव्हा मागत बसू नकोस.

तुझी
सुमतीताई


डोंबिवली,
मार्गशीर्ष वद्य १

ती. सौ. सुमतीताईस,
हरिहरचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

मूळ कागद सोबत दाखल करत आहे. भाऊसाहेबांनी चष्मा चहातून काढून, पुसून तो पाहावा. दुसऱ्या ओळीतला तिसरा शब्द. ढ च्या मागच्या प च्या डोक्यावर आकाश निरभ्र आहे. मी कार्ड खिडकीशी धरून पाहिलं, दिव्याशी धरून पाहिलं. निकाल लागल्यावर दंड म्हणून पाव शेर पेढे पाठवावेत. तुझ्या आज्ञेप्रमाणे लक्ष्मीला आणून दिले, त्यांची भरपाई होईल. तिने त्यांतला एक माझ्यादेखत सरमेला नेऊन दिला. सोवळ्यात हे बसतं का, असं मी विचारलं नाही.

पेंढा आणला. पाथर्लीहून राघोची गाडी बाजाराला जाते, त्याने दोन भारे अंगणात टाकले. अंगण एकदम सोन्याचं झालं. विटा, पाला, दाराची दिशा, सगळं तुझ्या सूत्रांप्रमाणे केलं. सरमेने आधी लांबूनच नाक लावलं. मग आत शिरली, गोल गोल फिरली, पुढच्या पायांनी पेंढा मागे सारला, पुन्हा फिरली, आणि मधोमध खळगा करून त्यात अशी निजली की बाहेरून फक्त एक कान दिसावा. उपनिषदांत सुषुप्तीचं वर्णन आहे, मी ते वर्षानुवर्षं शिकवलं. पाहिलं परवा.

आता रोज दिवेलागणीला मी खोक्याशी पाट टाकून बसतो. लक्ष्मी म्हणते की, नवऱ्याचं बिऱ्हाडही हळूहळू तिकडेच हलणार. त्या वासानं काय होतं सांगू? खळ्यावर आपण दोघं पेंढ्याच्या उडव्यात शिरून निजायचो, ते आठवतं. तू मला वर चांदण्या मोजायला लावायचीस आणि मी झोपलो की माझ्या वाटणीच्या स्वतःच्या नावावर घ्यायचीस. आतासुद्धा वर पाहतो. चांदण्या आहेत, पण यंदा त्या फुलांसारख्या पसरलेल्या दिसतात, एकमेकींत मिसळतात, मोजता येत नाहीत. सरमा निजेत कसल्यातरी मागे धावते, पेंढा सळसळतो, आणि मला वाटतं ती जिथे धावते आहे तिथे मीही पोचतो आहे. फार सुख वाटतं. धुकंही आता संध्याकाळपासूनच असतं.

शाळेत ठीक. रघुवंश चालू आहे. पुस्तक हातात धरतो, पण उघडण्याची गरज पडत नाही. मुलांना त्याचं कौतुक वाटतं.

लोभ दंडासह पोचता करावा.

तुझा
हरिहर


ठाणे,
२६ डिसेंबर १९५३

चि. हरिहर यास,
अनेक आशीर्वाद.

मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

कार्ड मिळालं. अनुस्वार आहे, हरी. तो लहान नाही, पुसटही नाही. टाकात शाई जास्त आली होती, म्हणून ज्वारीच्या दाण्याएवढा पडला आहे. यांनी पाहिला, मी पाहिला. यांनी निकाल दिला नाही. कार्ड माझ्या हातात परत दिलं आणि बाहेर जाऊन बसले.

अण्णांची आठवण झाली. देवळात पुराण सांगायचे तेव्हा मी शेजारी बसायचे आणि पोथीचं पान उलटायची वेळ झाली की त्यांच्या धोतराच्या सोग्याला हलकेच ओढायचे. तू लहान होतास, तुला वाटायचं ताई लाडकी म्हणून जवळ बसते. त्यांना पोथी दिसत नव्हती. सगळं पाठ होतं. गावात कुणालाही शेवटपर्यंत कळलं नाही, आईलासुद्धा उशिरा कळलं. मी कुणाला सांगितलं नाही, तशी शपथच घातली होती त्यांनी.

सुरुवातीला तेही म्हणायचे, पोरी, यंदा धुकं फार पडतं.

मी रागावलेली नाही आणि घाबरवतही नाही. अण्णांच्या वेळी गावात डॉक्टर नव्हता. इथे स्टेशनरोडला डोळ्यांचे डॉक्टर बसतात, यांच्या ओळखीचे आहेत. मोतीबिंदू असला तर काढतात. दुसरं काही असलं तर ते सांगतील. संक्रांतीची वाट पाहू नकोस, पत्र मिळताच ये. सरमेला लक्ष्मी सांभाळील. तिच्या पेंढ्यातली जुनी मूठ ठेवायला सांग.

तुझी
ताई


डोंबिवली,
मार्गशीर्ष वद्य ११

ती. ताईस,
हरिहरचा नमस्कार.

तुझं पत्र भर दुपारी अंगणात उन्हाकडे धरून वाचलं. मोठ्या अक्षरांचे उपकार. ते वाचून झाल्यावर मी लक्ष्मीला बोलावलं आणि शर्मांच्या घरावर धुकं आहे का, असं विचारलं. तिने आधी घराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली की, लख्ख ऊन आहे, त्यांच्या कौलावर कावळा बसला आहे तोसुद्धा दिसतो. मग ती आत गेली नाही. माझ्याजवळच उभी राहिली.

त्यानंतर मी सहामाहीचे पेपर काढले. लक्ष्मीला अक्षर ओळखता येत नाही, हे तुला ठाऊकच आहे. पण ठिपका म्हणजे ठिपका. मी म्हटलं, जिथे अक्षराच्या डोक्यावर ठिपका दिसेल तिथे बोट ठेव. ती पेंढ्याच्या भाऱ्यावर बसली आणि बोट ठेवत गेली. इथे, इथे, हा बघा इथे. ताई, सगळीकडे होते. मी लाल शाईनं जिथे जिथे फुली मारली होती, तिथे बहुतेक सगळीकडे होते. पोरं खरं बोलत होती. मी गुण परत दिले, उद्या वर्गातही सांगणार आहे. माझी फिर्याद मी मागे घेतो. भाऊसाहेबांना सांग, हसले तरी चालेल. न हसता बाहेर बसले, ते मला जास्त लागलं.

पेंढा आज बदलला. जुनी मूठ लक्ष्मीनेच वेगळी काढून नव्यात मिसळली. सरमा थोडा वेळ दाराशी उभी राहिली, वास घेतला आणि आत गेली. मी सोमवारी येतो. एकटा नाही, लक्ष्मीही येते म्हणते. दोन दिवस कुत्रीचं शर्मा वहिनी बघतील. नामसाधर्म्याची जबाबदारी त्यांनी अखेर स्वीकारली आहे.

भाऊसाहेबांस नमस्कार. तुझा लोभ आहे हे दिसतं, ठिपक्यासारखं नाही.

हरिहर

ता. क. वर थट्टा केली, पण खरं लिहायचं राहिलं. मला भीती वाटते आहे. शाळेची नाही. तिथलं सगळं पाठ आहे, अण्णांसारखं तेही निभेल. पण शुभदा नागपूरला, लक्ष्मीला वाचता येत नाही, आणि तुझी जी पत्रं अजून यायची आहेत ती मला पाठ नाहीत.