डाव्या हाताचा मोजा

प्रिय सुजय,

तुझ्या वहिनीचा आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर त्याच्यापुढे दोन निळ्या खुणा तेवढ्या उमटतात, म्हणजे वाचतोस एवढं कळतं आणि पुढे काहीच नाही. म्हणून शेवटी कागद घेतला. आपल्या वाडीतला दिनानाथ उद्या पिकअप घेऊन स्ट्रॉबेरी भरायला महाबळेश्वरला येतोय, त्याच्याच हाती हे देणार आहे. कागद तू वाचलास की नाही ते मला कळायचं नाही, तेव्हा तुलाही जरा मोकळेपणाने वाचता येईल.

आई बऱ्या आहेत. गुडघा कुरकुरतो, पण वालाच्या शेंगा तोडायला आपणच जाणार हा हट्ट काही सुटत नाही. यंदा वाल चांगला आलाय. परवा वाडीतल्या पोरांनी मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावली, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास पार घरात येत होता. आईंनी तुझ्या नावाचं मडकं वेगळं लावायला सांगितलं आणि मग कुणी खाईना म्हणून स्वतःच रागावून बसल्या. असो. मला तुला लिहायचंय ते वेगळंच आहे, आणि सुरुवातीला तुला हसू येईल. दिवाळी झाल्यापासून आपल्या घरात एकच विषय चाललाय, थंडीत गाडीवर घालायचे हातमोजे. त्या मोज्यांनी माझ्या डोक्याचा इतका गुंता केलाय की मेडिकलमध्ये बिल करताना मी एका गिऱ्हाईकाला गोळ्यांची पट्टी द्यायच्या ऐवजी विचारलं, “साइज कुठली?”

झालं असं. एकदा जेवताना हे म्हणाले, “गाडीवर घालायला हातमोजे लागतील. थंडीचे.” माझी वाढायची पळी तशीच हातात राहिली. वडखळच्या त्या पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये प्रेसखाली डावी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, तेव्हापासून ह्यांनी गाडीला हात लावलेला नव्हता, हे तुला माहीत नसेल. शिमग्यापासून ती पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. आता हे डोलवीला एका कंत्राटदाराच्या स्टोअरमध्ये लागलेत. पहिली पाळी असली तरी न्यायला बस येते. मग गाडी कशाला आणि मोजे कशाला, हे मला कळेना. पण विचारायचा धीर झाला नाही. म्हटलं, माणूस स्वतःहून काही मागतोय, उगाच का म्हणून खोडा घाला? त्याच संध्याकाळी हे रोह्याच्या बाजारातून लोकरीचे मोजे घेऊन आले. आई म्हणाल्या, “व्हय गो, आपल्या कोकणात कसली आलीय थंडी? हातात मोजे घालून गाडी चालवायला हा काय काश्मीरला निघालाय?” हे नुसते हसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ताडपत्री निघाली. मी दारात उभी. नदीवर धुकं होतं, अष्टमीच्या पुलापर्यंत जाऊन हे परत आले. उतरल्यावर एवढंच म्हणाले, “लोकरीतून वारा आत शिरतो. मूठपण सरकते.” मी हो म्हटलं. पण नंतर मोजे धुवायला घेतले तेव्हा बघितलं, डाव्या मोज्याची शेवटची दोन रिकामी बोटं चिमटून काळी झाली होती. ती क्लचच्या दांडीत अडकत असणार. ह्यांनी त्याचा शब्द काढला नव्हता. आता मी काढावा की नाही? काढला तर वाटेल मी हाताकडेच बघते. नाही काढला तर रस्त्यात कुठे क्लच अडकला म्हणजे? मी ते मोजे दोनदा धुतले आणि तसेच वाळत घातले.

मग आम्ही पेणला गेलो. माझ्या माहेरी जाऊन आलो आणि येताना एसटी स्टँडजवळच्या गाडीचं सामान मिळतं त्या दुकानात शिरलो. तिथे पूजा म्हणून मुलगी होती, दुकानदाराची लेक. तिने काउंटरवर मोज्यांचा ढीगच घातला. सुजय, मला वाटायचं मोजा म्हणजे मोजा. पण जाड घेतला तर क्लच जाणवत नाही, पातळ घेतला तर वारा लागतो. घट्ट घेतला तर रक्त फिरत नाही आणि बोटं आणखीच गारठतात, सैल घेतला तर मुठीवर चुण्या पडतात. आखूड घेतला तर बाहीतून वारा थेट काखेत. चामड्याचा वारा अडवतो पण दवाने भिजला की जड होतो. आत वेगळा पातळ मोजा घालून वर दुसरा चढवायचा असाही एक प्रकार निघाला. मी प्रत्येकाला “हा बरा दिसतोय” म्हणत होते आणि पूजा प्रत्येकातली खोट सांगत होती. शेवटी तिने विचारलं, “दादा, चालवणार कुठे?” हे म्हणाले, “डोलवीला जायला.” ती म्हणाली, “मग एवढे जाड नकोत तुम्हाला.” तेव्हा हे खाली बघून म्हणाले, “घाटात चालतील असे दाखव.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. रोह्याहून डोलवीला जाताना कुठला घाट लागतो? मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. विचारणार, तेवढ्यात पूजा म्हणाली, “डावापण घालून बघा ना, नुसत्या उजव्यावर साइज कळत नाय.” आतापर्यंत ह्यांनी डावा हात पँटच्या खिशात ठेवला होता. मग ह्यांनी हात बाहेर काढला आणि काउंटरवर ठेवला. बिचारी पोर गोंधळली. आधी सॉरी म्हणाली, मग पाणी आणायला आत गेली आणि पाणी न आणताच परत आली. हे शांतपणे बाहेर जाऊन स्टँडकडे तोंड करून उभे राहिले. मी तिथे एकटी, समोर मोज्यांचा ढीग. घ्यावेत तर पुन्हा तीच दोन रिकामी बोटं. न घ्यावेत तर ह्यांनी सगळ्यांदेखत हात बाहेर काढला तो फुकट. शेवटी ह्यांनी उजव्या हातात घातलेला जोड तेवढा उचलला, आतून मऊ, बाहेरून चामडं, मनगटावर लांब. येताना एसटीत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत आलो.

घरी आल्यावर मी कात्री घेऊन बसले. ती दोन बोटं कापून शिवून टाकावीत असं माझ्या मनात. आई म्हणाल्या, “कापू नको गो. लोकांना पाच दिसतायत तर दिसूदेत.” शेजारच्या विमलबाई फॉल-बिडिंगचं काम सोडून खास बघायला आल्या, त्यांचं म्हणणं कापायलाच हवीत, नाहीतर दांडीत अडकून माणूस पडेल. दोघींचंही पटत होतं. मग मी मधलाच मार्ग काढला आणि बोटांत कापूस ठासून भरला. ह्यांनी मोजा घातला आणि ती दोन बोटं अशी ताठ उभी राहिली की जणू शपथच घेतायत! मूठ मिटेना. हे हसायला लागले. किती महिन्यांनी हसले असतील! मीही हसले, आईही हसल्या. हसता हसता ह्यांनी मोजा काढला, तुटल्या जागेवर उजवा हात फिरवला आणि म्हणाले, “खरं सांगू? पुलावर गेलो ना, तर ही आहेत ती तीन बोटं बरी होती. नाहीत ती दोनच गारठली.”

सुजय, डॉक्टरांनी सांगितलं होतं की असं होतं, शिरांना अजून वाटतं बोटं आहेत. पण नसलेल्या बोटांना मोजा कुठून आणू? मी उठून चहा ठेवायला गेले, आणि चहा उतू गेला तरी तिथेच उभी राहिले.

परत आले तर ह्यांनी स्वतःच ती दोन बोटं कापली होती. आई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. हे आत गेले आणि तुझ्या खुंटीवरचा राखाडी स्वेटर घेऊन आले. म्हणाले, “ह्याची बाही काप. दोन पदर करून आतून लाव, तुटल्या जागेवर. मग वरून चामडं शीव.” मी म्हटलं, “अहो, सुजयचा आहे तो.” तर हे सहज बोलून गेले, “असू दे. वर ह्याने त्याचं भागत नाय. त्याला नवीन घेतलाय मी.”

वर! तू वर महाबळेश्वरला आहेस हे मी ह्यांना कधी सांगितलेलं नाही. तूच दिनानाथला शपथ घातली होतीस ना, दादाला कळू देऊ नको म्हणून? आणि तो माझ्यापाशी बोलला, मी आईंपाशी बोलले, आणि आम्ही दोघी ह्यांच्यापासून लपवत बसलो. ह्यांना मात्र दिवाळीपासून माहीत होतं. दिनानाथनेच सांगितलं होतं, कुठल्या शेतावर आहेस, कुठल्या खोलीत राहतोस, सगळं. म्हणजे आमच्या घरात प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याला ठाऊक नाही म्हणून जपत होता. मी रागवावं की रडावं तेच मला समजेना. मी शिवत राहिले.

शिवताना हे समोर बसून होते. त्या दिवसाबद्दल घरात आजवर एक अक्षर बोलले नव्हते, ते त्या दुपारी बोलले. म्हणाले, “सुजयने प्रेसच्या पेडलवर पाय ठेवायच्या आधी मला विचारलं होतं, झालं का म्हणून. मीच हं म्हणालो. पत्रा तिरका वाटला म्हणून मग पुन्हा हात घातला. त्याने काय करायचं होतं?” आई एकदम म्हणाल्या, “मग तेव्हाच बोलायचं नायस व्हय रे?” हे म्हणाले, “शुद्धीवर येऊन बोलायच्या लायकीचा झालो तोवर तो घरातून गेला होता.”

आता खरं सांगते, हे असंच झालं होतं, की तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून ह्यांनी इतक्या महिन्यांत जुळवून ठेवलंय, हे मला कळत नाही. मी खूप विचार केला. ह्यांच्या तोंडाकडे बघून कधी वाटतं खरं, कधी वाटतं नाही. त्या प्रेसपाशी तुम्ही दोघंच होतात, तेव्हा तुलाच काय ते माहीत. आणि खोटं असलं तरी त्याचं मी काय करू, तेही मला कळत नाही. एवढंच कळतं की हे ते वाक्य तुला स्वतः सांगायला निघालेत.

म्हणून हे पत्र. संक्रांतीनंतरच्या रविवारी हे गाडीवरून तुझ्याकडे येतायत. माणगाव, महाड, पोलादपूर आणि मग आंबेनळी घाट. मी सोबत येते म्हटलं तर नको म्हणाले. दिनानाथच्या पिकअपमधून जा म्हटलं तर त्यालाही नको. तुला कळवू नकोस असंही बजावलंय. कळवलं तर तू तिथूनही निघून जाशील ही ह्यांना भीती, आणि न कळवता आले नि तुझ्या दाराला कुलूप दिसलं तर ही मला. चार दिवस दोन्हीकडे हेलकावे खाल्ले आणि आज लिहायला बसले. बरोबर केलं की चूक, देव जाणे. तू फक्त रविवारी खोली सोडून जाऊ नकोस. घाट चढून येतील तेव्हा हात आखडलेले असतील. तू लांब उभा राहू नकोस. गाडी आली की पुढे हो आणि तेवढी स्टँडला लाव, डाव्या हाताने ह्यांना अजून ते नीट जमत नाही.

तुझीच,
रोहिणीवहिनी