चंद्रीचा पट्टा

२ ऑक्टोबर, दसरा
पट्टे आले एकदाचे! अकरा गाई, अकरा पट्टे. गळ्यात बांधायचे — गाय रवंथ किती करते, हिंडते किती, सगळं मोबाईलवर. आजार दिसायच्या आधी कळतो म्हणे. रूपराव हात लावून पाहायला लागला. बावीस वर्षं आमच्या गोठ्यात आहे, पण म्हटलं, यातलं तुम्हाला कळायचं नाही. गुमान वैरण टाकायला गेला.

२२ ऑक्टोबर
गायगोधन, दिवाळीतली गाईंची पूजा. गाई धुतल्या, शिंगं रंगवली. धुताना पट्टे काढावे लागले. सासुरवाडीची मंडळी फोटोसाठी खोळंबलेली, घाईघाईत परत चढवले.

२७ ऑक्टोबर
सकाळीच मोबाईल वाजला. चंद्रीचा रवंथ निम्म्यावर! देवळीहून डॉक्टर आले. ताप नव्हता. म्हणाले, मशीनने आधीच पकडलं असेल. इंजेक्शन दिलं.
रूपराव मध्येच — "चंद्री बरी हाये, भाऊ. मैनाले पाहा. रवंथ नाई करून राह्यली."
मैनाचे आकडे उत्तम होते. मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला. अंगठाछाप माणसाला काय दाखवायचं म्हणा!

२८ ऑक्टोबर
पुन्हा तेच. मैना, मैना. वीट आणला म्हाताऱ्याने.

३० ऑक्टोबर
मैना गेली.
गोचीडताप. डॉक्टर म्हणाले, तीन दिवस आधी औषध मिळतं तर वाचली असती. तिच्या गळ्यातला पट्टा सोडला, तर आतल्या बाजूला नंबर चंद्रीचा. आणि मैनाचा पट्टा चंद्रीच्या गळ्यात! म्हणजे मोबाईल खरंच सांगत होता. मैनाबद्दलच सांगत होता.
हे काम रूपरावचंच. गोठ्यात दुसरं असतं कोण? डॉक्टरांसमोर, आईसमोर वाट्टेल ते बोललो त्याला. खाली मान घालून उभा राहिला. उद्यापासून येऊ नका म्हटलं. आई उठून आत गेली.

४ नोव्हेंबर
दूध निम्म्यावर आलं. चंद्री लाथा झाडते, बाकीच्या पान्हा सोडत नाहीत. बायको म्हणते, रूपरावांना बोलवा. आई तर बोलतच नाही माझ्याशी. गाय माझी मेली आणि राग माझ्यावरच! मैनाचं दावं रिकामं आहे. तिकडे बघवत नाही.

९ नोव्हेंबर
गेलो रूपरावकडे. दुधासाठी गेलो, माणुसकीसाठी नाही. त्याने चहा दिला. विचारलं, पट्टे का बदलले? त्याने बशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "गायगोधनाले पट्टे तुमीच बांधले होते, भाऊ. डॉक्टरसमोर कसं सांगू?"
आठवलं. पाहुणे, घाई, माझेच हात.
त्याला परत या म्हणायची हिंमत झाली नाही. घरी येऊन सांगितलं — म्हातारा यायला तयार नाही.